सगळ्यांना होईल असा युनिफॉर्म

मी चिडलेली आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे मध्येच माझा आवाज चढला तर कुणी 'अहो, शांत व्हा' म्हणायला नको. शांत राहण्याचा मला पगार मिळतो. पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार-खिडकीत मी बसते आणि दिवसभर लोक माझ्यावर ओरडतात. पाणी आलं नाही म्हणून ओरडतात, आलं तर गढूळ आलं म्हणून ओरडतात, आणि एक गृहस्थ तर पाणी अगदी वेळेवर आलं पण तेव्हा आपण घरी नव्हतो, म्हणून ओरडून गेले. यावर मी काय बोलायचं ते खात्याने ठरवून दिलं आहे. 'मी तुमची अडचण समजू शकते.' आवाज खालच्या पट्टीत, चेहरा प्रसन्न. ही पट्टी मी इतकी वर्षं सांभाळली आहे की घरी दूध उतू गेलं तरी मी आधी दुधाची अडचण समजून घेते.

अशा बाईचा कराटेशी काय संबंध? काहीही नाही. संबंध आमच्या कन्येचा होता. तिने हट्ट करून क्लास लावला, नवऱ्याने वर्षाची फी एकदम भरली, आणि महिन्याभरात कन्येने जाहीर केलं की तिथे फार ओरडायला लावतात, तिला ते सूट होत नाही. फी परत मागायला नवरा क्लासवर गेला तेव्हा तिथे भिंतीवर पाटी होती: फी परत मिळणार नाही, मात्र त्याच कुटुंबातली दुसरी व्यक्ती येऊ शकते. नवऱ्याने घरी येऊन ही पाटी आम्हाला तोंडपाठ म्हणून दाखवली.

"म्हणजे कुणीतरी गेलं पाहिजे," तो म्हणाला.

"माझे गुडघे बरे असते तर मीच गेले असते," सासूबाई म्हणाल्या. हे त्या इतक्या खऱ्या मनाने म्हणाल्या की मला क्षणभर त्या लाथ मारताना दिसल्या.

"मला ऑफिस असतं," नवरा म्हणाला. मलाही ऑफिस असतं, ही गोष्ट आमच्या घरात अधूनमधून विसरली जाते. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. घरातली उरलेली भाजी कुणी संपवायची असा प्रश्न निघाला की सगळे जसे बघतात ना, अगदी तसंच. फी वाया जाऊ नये म्हणून मी कराटेला गेले.

एका शाळेच्या सभागृहात क्लास भरत होता. फी नवशिक्यांच्या वर्गाची होती, म्हणून मी नवशिक्यांत. उंचीप्रमाणे रांगेत उभं करतात. माझ्या पुढे सातवीतला एक मुलगा, मागे पाचवीतली एक मुलगी. सर माझ्या निम्म्या वयाचे, काटकुळे, गंभीर. पहिल्या दिवशी त्यांनी मला मावशी म्हटलं, दुसऱ्या दिवशी काकू. त्याच्या पुढच्या पायरीची वाट न बघता मी सांगितलं की काकू ठीक आहे.

आणि मग त्यांनी ओरडायला सांगितलं. पुढे ठोसा मारायचा आणि पोटातून आरोळी द्यायची. मी आधी माझ्या पट्टीत आरोळी दिली. ती ऐकून सर म्हणाले, "काकू, तुम्ही समोरच्याची विचारपूस करताय का?" मुलं हसली. मी पुन्हा ठोसा मारला आणि का कुणास ठाऊक, मला ते वेळेवर पाणी आलेले गृहस्थ आठवले.

सभागृहाच्या झरोक्यातली कबुतरं उडाली. मागची पाचवीतली मुलगी एक पाऊल मागे सरकली. सरांनी फक्त मान हलवली. पण मी त्या दिवशी घरी चालत गेले, आणि मला इतकं हलकं वाटत होतं की वाटेत रिक्षावाल्याने कट मारला तरी मी त्याला काही म्हटलं नाही. त्यानंतर मी एकदाही दांडी मारली नाही. फी वसूल करणं हे कारण घरच्यांसाठी होतं. मला ती आरोळी हवी होती.

मग सरांनी पिवळ्या पट्ट्याची परीक्षा जाहीर केली. परीक्षक बाहेरून येणार, युनिफॉर्म सक्तीचा, तोही मापाचा. बाही मनगटापर्यंत, पँट घोट्यापर्यंत, सदरा समोर नीट एकमेकांवर येणारा. ज्याचा युनिफॉर्म मापाचा नाही, त्याला परीक्षेला उभं करणार नाहीत. आणि पिवळा पट्टा नाही तर पुढच्या वर्गात प्रवेश नाही, आणि नवशिक्यांचा हा वर्ग मोठ्या माणसांसाठी परीक्षेनंतर बंद होणार होता. म्हणजे माझी आरोळीच बंद. हे मी घरी सांगितलं.

"युनिफॉर्म आहे की घरात," सासूबाई म्हणाल्या.

होता. कन्येचा होता. कन्या माझ्यापेक्षा वीतभर उंच आणि माझ्या निम्मी रुंद. पँट मांडीपर्यंत चढली आणि तिथे थांबली. सदरा पाठीवर आला, पण त्याची दोन टोकं समोरासमोर येऊन एकमेकांकडे लांबूनच बघत राहिली.

"श्वास सोडून बघ," नवरा म्हणाला.

"सोडलाय."

"पूर्ण?"

मी पूर्ण सोडला. बंद कसाबसा बांधला. आता प्रश्न असा, की आरोळी द्यायला श्वास घ्यावा लागतो. मी घेतला. बंद तुटून सासूबाईंच्या मांडीवर पडला. त्यांनी तो उचलून जपून बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "उसवून दोन्ही बाजूंनी कापड घालून घे. कशाला नवीन?"

खालच्या टेलरकडे गेले. तो म्हणाला, असलं जाड कापड माझ्याकडे नाही, पण पांढरं कापड लावून देतो. दिलं. पांढऱ्यावर बारीक निळी फुलं होती. चादरीचा तुकडा होता तो. "बगलेखाली आहे, कुणाला दिसतंय," टेलर म्हणाला. कराटेमध्ये हात वर करतात हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. क्लासमध्ये मी हात वर केला आणि सर माझ्या बगलेकडे बराच वेळ बघत राहिले. मुलांनी माझं नाव गादीकाकू ठेवलं. हे मला पाचवीतल्या मुलीने सांगितलं, आणि 'मी नाही म्हणत' असंही सांगितलं, म्हणजे तीही म्हणत होती.

तेव्हा नवीन घ्यायचा ठरला. आता क्लासचा नियम असा की युनिफॉर्म क्लासच्याच खिडकीतून घ्यायचा. ही खिडकी मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी उघडते. आयुष्यात पहिल्यांदा मी खिडकीच्या पलीकडच्या बाजूला उभी राहिले. आत एक गृहस्थ, प्रसन्न चेहऱ्याचे. मागे कपाटात प्लास्टिकमध्ये सीलबंद युनिफॉर्म.

"उंची?" त्यांनी विचारलं.

"एकशे एक्कावन्न सेंटिमीटर."

"मग एकशे पन्नासचा घ्या."

"तो मला समोर पुरणार नाही हो. रुंदीचं काय?"

त्यांनी समोरचा तक्ता खालीवर बघितला. खरोखर बघितला, हे मान्य करते. "रुंदीचा रकाना नाही," ते म्हणाले.

"मग जाड माणसांनी काय करायचं?"

"जाड माणसं साधारण उंच असतात," ते म्हणाले. हे त्यांनी कुठे बघितलं, देव जाणे. मग त्यांनी मला कमरेपासून खांद्यापर्यंत डोळ्यांनी मोजलं आणि म्हणाले, "तुम्हाला एकशे सत्तरचा होईल. म्हणजे युनिफॉर्म बरोबर आहे, तुमची उंची कमी पडते."

मी शेहेचाळीस वर्षांची आहे. मला दोन बढत्या मिळाल्या आहेत. आणि माझी उंची एका सदऱ्याला कमी पडते, हे मला एका खिडकीतून ऐकवण्यात आलं.

"घालून बघू का?" मी विचारलं.

"बघा ना. फक्त सील तोडू नका. सील तुटलं की परत घेत नाही."

यावर मी मनात काय म्हटलं ते सांगत नाही. तोंडाने मात्र खालच्या पट्टीत 'विचार करून येते' म्हटलं आणि घरी आले.

घरी विचार करायला सगळी सोसायटी जमली. समोरच्या वहिनी म्हणाल्या, मोठाच घ्या, परीक्षा झाली की घरात गाउन म्हणून वापरता येईल. वरच्या मजल्यावरचे मोजणीकाका आले. ते जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेत आणि त्यांच्या खिशात कायम टेप असतो. त्यांनी मला जिन्याच्या चौथऱ्यावर उभं केलं, चारही बाजूंनी मोजलं, आणि आकडे मोठ्याने म्हणत गेले, कारण खात्यात तशी पद्धत होती म्हणे. खालच्या मजल्यावरून टेलर ओरडला, "कंबर परत एकदा सांगा!" काकांनी सांगितली. मग वहिनी म्हणाल्या, "असेल असेल, वाटत नाही पण." मला त्या क्षणी तिघांनाही एकेक ठोसा मारावासा वाटला. आणि आता मला तो शास्त्रशुद्ध मारता येत होता.

पण खरा घोळ घरात झाला. आमच्या घरात कुठलीही वस्तू एका माणसासाठी घ्यायची पद्धत नाही. छत्री घेताना ती नवऱ्याच्या उंचीला चालेल अशी घेतात, रेनकोट कन्येलाही होईल असा, दाराशी ठेवायच्या चपला सगळ्यांच्या पायात जातील अशा. त्या कुणाच्याच पायात नीट बसत नाहीत, त्या घालून सगळेच घसरतात, पण कुणी तक्रार करत नाही. लग्नानंतर पहिल्या थंडीत मी एक स्वेटर घेतला होता. तो 'यालाही होईल' म्हणून दोन नंबर मोठा घेतला. नवऱ्याने तो वापरून जुना केला, मग तो मला मिळाला.

गुरुवारी मला माझ्या खिडकीत जादा काम होतं. मी नवऱ्याला सांगितलं, "एकशे सत्तरचा आणा. फक्त एकशे सत्तरचा."

तो एकशे ऐंशीचा घेऊन आला.

"अगं, नीट विचार केला मी," तो म्हणाला. त्याने नीट विचार केला की मला धडकी भरते. "एकशे सत्तरचा तुला एकटीलाच झाला असता. हा सगळ्यांना होईल. मला सकाळी फिरायला घालता येईल. हिचं मन बदललं तर हिलाही होईल. आणि आईला थंडीत वरून घालायला."

"हो, चांगलं जाड दिसतंय," सासूबाई कापड चिमटीत धरून म्हणाल्या.

"आणि मला?" मी विचारलं.

"तुला तर होईलच. तू तर आत मावशील."

मी आत मावले. माझ्यासारखी आणखी एक मावली असती. बाह्या हाताच्या पुढे लोंबत होत्या, पँट पायाखाली येत होती, सदरा गुडघ्यापर्यंत. कन्या हसून हसून खाली बसली. मी चिडून तिला काही सांगायला हात उगारला, पण हात बाहीतच होता, त्यामुळे नुसती बाही उगारली गेली. तिला आणखी हसू आलं.

"आटेल ना ते," नवरा म्हणाला. "सुती आहे. गरम पाण्यात टाकलं की दोन नंबर तरी आटेल. तेवढा अंदाज घेऊनच आणलाय मी."

सासूबाईंनी मोठ्या पातेल्यात पाणी उकळलं. युनिफॉर्म बुडवला, लाकडी कालथ्याने वर-खाली केला, झाकण ठेवलं, गार होऊ दिला, पिळला, वाळवला. मी घातला. बाह्या होत्या तितक्याच लांब. आमच्या घरातला उरलेला एकमेव पायमोजा, जो चुकून त्याच पाण्यात गेला होता, तो मात्र बाहुलीच्या मापाचा झाला. मग कन्येने कॉलरच्या आतली पट्टी वाचली. त्यावर लिहिलं होतं, कापड आधीच आटवलेलं आहे.

मंगळवारी मी युनिफॉर्म घेऊन क्लासच्या खिडकीवर गेले. बदलून मागितला. गृहस्थांनी तो हातात घेतला, हुंगला.

"धुतलाय," ते म्हणाले.

"धुवावा लागला."

"धुतलेला बदलून मिळत नाही." आणि मग त्यांनी आवाज खाली आणला, चेहरा प्रसन्न केला आणि म्हणाले, "मॅडम, मी तुमची अडचण समजू शकतो."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. हे माझं वाक्य होतं. ही माझी पट्टी होती. पुढचं वाक्य काय येणार हे मला माहीत होतं, आणि ते यायच्या आत मीच म्हणून टाकलं, "तुमची तक्रार नोंदवून घेतो. वरिष्ठांकडे पाठवतो. थोडं सहकार्य करा. नियम आमच्या हातात नाहीत."

त्यांनी युनिफॉर्म खाली ठेवला. "तुम्ही कुठल्या खिडकीत असता?" त्यांनी हळूच विचारलं.

"पाणीपुरवठा."

"मी आधी टेलिफोनला होतो," ते म्हणाले. खिडकीतून त्यांनी मला अर्धा कप चहा दिला. युनिफॉर्म बदलून दिला नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही दिला नसता, आणि या गोष्टीचा मला सगळ्यात जास्त राग आला. मी इतकी वर्षं लोकांना असाच अर्धा कप दिला होता, तोही चहाशिवाय.

आता परीक्षा तोंडावर आलेली. मी म्हटलं, बाह्या कापते. 

"कापू नकोस!" सासूबाई म्हणाल्या. "आत दुमडून टीप मारून घे. पुढेमागे उसवता येतं. कापलं की संपलं."

"बरोबर आहे," नवरा म्हणाला. "नंतर मला मोकळा करता येईल."

टेलरने वीतभर कापड आत दुमडून टिपा मारल्या. ते जाड कापड, त्यात दुमडलेलं. मनगटांवर दोन टायर आणि घोट्यांवर दोन टायर घातल्यासारखं झालं. परीक्षेच्या आदल्या दिवशी क्लासमध्ये मी ठोसा मारला, तेव्हा दुमडलेल्या बाहीचा धप्प असा आवाज माझ्या आरोळीच्या आधी आला. सरांनी जवळ येऊन बाही दाबून बघितली.

"काकू, हे उद्या चालणार नाही," ते म्हणाले. "दुमडलेलं परीक्षक बघताक्षणी बाहेर काढतात. समोरच्याची बोटं अडकतात यात. हा कुणाचा युनिफॉर्म आहे?"

मी मनातल्या मनात मोजू लागले. नवऱ्याचा, कन्येचा, सासूबाईंचा, थोडा टेलरचा. सर वाट बघत उभे राहिले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागाने आलं, आणि ते पुसायला मी हात वर केला तर तिथे टायर होता.

घरी आले तेव्हा सगळे टीव्हीसमोर होते. मी युनिफॉर्म घालूनच आले होते. जेवणाच्या टेबलावरचं सगळं सामान एका बाजूला सारलं, टिपा उसवल्या, मोजणीकाकांना वरून हाक मारून टेप मागून घेतला. ते टेपबरोबर खाली आले. म्हणाले, "मी मोजू?"

"नाही," मी म्हटलं. "मी मोजणार."

मी माझा हात मोजला. खांद्यापासून मनगटापर्यंत. माझा पाय मोजला. खडूने खूण केली आणि स्वयंपाकघरातली मोठी कात्री आणली. कात्रीचा पहिला आवाज झाला तसा टीव्ही बंद झाला.

"अगं, अगं, काय करतेस!" नवरा उठून उभा राहिला. "कापतेस? मग तो दुसऱ्या कुणाला होणार नाही!"

"हो," मी म्हटलं.

"अगं, पण मग तुझ्याशिवाय कुणालाच..."

"हो!"

हा दुसरा हो पोटातून आला. वरच्या मजल्यावर काहीतरी पडलं. समोरच्या वहिनींनी दार उघडलं आणि लगेच लावून घेतलं. सासूबाईंनी हातातली जपमाळ खाली ठेवली. नवरा होता त्या जागी परत बसला, आणि बसल्यावर त्याने टीव्हीचा रिमोटसुद्धा जपून टेबलावर ठेवला. मी दोन बाह्या कापल्या, दोन्ही पाय कापले, आणि सदऱ्याची खालची लांबी कापली. टीप मी हाताने घातली. वाकडी आली, पण माझ्या मनगटावर आली.

दुसऱ्या दिवशी सगळे परीक्षेला आले. मी बोलावलं नव्हतं. आदल्या संध्याकाळनंतर ते सगळीकडे माझ्या मागोमाग जरा अंतर ठेवून येत होते. परीक्षक म्हणून एक ठेंगण्या बाई आल्या होत्या, माझ्याच उंचीच्या आणि माझ्याच घेराच्या. त्यांनी रांगेतून फिरत प्रत्येकाची बाही बघितली. माझ्यापाशी थांबल्या. वाकडी टीप बघितली.

"स्वतः कापलात?"

"हो."

"मीही," त्या म्हणाल्या आणि स्वतःची बाही किंचित पुढे केली. तिच्यावरची टीपही वाकडी होती.

मग त्यांनी आरोळी मागितली. मला त्या वेळी आठवायला बरंच काही होतं. रुंदीचा रकाना होता, पातेलं होतं, चादरीची फुलं होती, स्वेटर होता. कबुतरांनी आधीच जागा सोडली होती. मी आरोळी दिली, तेव्हा मागे बसलेल्या नवऱ्याने खिशातला रुमाल काढला. त्याने तो कपाळावर फिरवला.

पिवळा पट्टा घेऊन मी बाहेर आले. सासूबाईंनी दृष्ट काढल्यासारखा माझ्या गालावरून हात फिरवला. कापलेले तुकडे त्यांनी सकाळीच गरम भांडी उतरवायला शिवून घेतले होते. नवरा म्हणाला, "छान झालं."

कन्या मात्र माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघत होती. घराच्या पायऱ्या चढताना ती माझ्या शेजारी आली. "आई," ती म्हणाली, "मलाही तसं ओरडायचंय. मी परत येते क्लासला."

झालं. सगळे थांबले. कन्येचा जुना युनिफॉर्म आता चादरीच्या फुलांचा आणि माझ्या घेराचा होता. सासूबाईंनी माझ्या सदऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने माझ्या सदऱ्याकडे बघितलं. वरून उतरणाऱ्या मोजणीकाकांचा हात खिशात गेला.

मी आवाज खालच्या पट्टीत आणला. चेहरा प्रसन्न केला.

"मी तुझी अडचण समजू शकते," मी म्हटलं. "पण युनिफॉर्म बरोबर आहे, तुझी उंची जास्त पडते. गुरुवारी खिडकी उघडते. तुझ्या मापाचा घेऊ, तुला एकटीला होईल असा."